बिझनेस जेटचा टेकऑफ ट्रिम पुन्हा पुन्हा का चुकतो : कारणे आणि उपाय

फ्लाइट सिम्युलेटरवर बिझनेस जेट उडवणाऱ्या इंदूरच्या आमच्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. विमान देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या धावपट्टी 25 वर उभे असते, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) ठरल्याप्रमाणे बाहेर असतात, इंजिनांचा जोर पूर्ण असतो, वेग रोटेशनच्या, म्हणजे नाक उचलण्याच्या, आकड्याला पोचतो, योक (नाक वर-खाली करण्याचा हातातला दांडा) मागे ओढला जातो आणि नाक तरीही जमीन सोडत नाही. किंवा नेमके उलट घडते : योकला हात लावण्याआधीच नाक आपोआप वर जाऊ लागते, चाके सुटता सुटता कोन वाढत जातो आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, इशारा वाजतो. दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा टेकऑफ ट्रिममध्ये, म्हणजे नाकाचा वर-खाली तोल साधण्यासाठी उड्डाणाआधी शेपटीवर लावून ठेवायच्या जागेत, सापडते. ते एकदा दुरुस्त केले की काही उड्डाणे सुरळीत होतात आणि मग तीच तक्रार पुन्हा उभी राहते. ती परत का येते, हे कळल्याशिवाय तात्पुरत्या दुरुस्तीचा उपयोग होत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी उन्हाळ्याला या तक्रारीतून वेगळे काढले पाहिजे, कारण इंदूरचे लोक पहिला दोष त्यालाच देतात. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फूट उंचीवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे 11 अंश धरले जाते. मे महिन्यात सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हवामान सुरू ठेवले आणि पारा 40 अंशांवर असला, तर हवेची घनता सुमारे 5,300 फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी उतरते. अशा विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, वेग सावकाश वाढतो आणि सुमारे 2,750 मीटर लांबीच्या धावपट्टीचा नेहमीपेक्षा मोठा भाग संपतो. मात्र विमान दर्शक वेगाच्या, म्हणजे कॉकपिटमधल्या वेगमापकावर दिसणाऱ्या वेगाच्या, आकड्यावर उडते आणि तो आकडा एकदा आला की नाक उचलण्याची ताकद गरम हवेतही जवळपास तेवढीच असते. त्यामुळे वेग उशिरा आला आणि त्यानंतर नाक सहज उचलले गेले, तर ट्रिमला हात लावण्याचे कारण नाही. वेग येऊनही नाक उचलले जात नसेल, तर मात्र उन्हाळा निर्दोष आहे आणि पुढचे सगळे वाचावे.

ट्रिम शेपटीवर नेमके काय करतो, हे विमानागणिक बदलते आणि हा फरक ठाऊक नसल्यामुळे निदान भरकटते. काही जेटमध्ये ट्रिम म्हणजे एलिव्हेटरच्या (योकने हलणाऱ्या, नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या) मागच्या कडेवरची एक छोटी पट्टी असते; ती खाली झुकली की हवेचा दाब एलिव्हेटरला वर ढकलतो आणि नाक वर जाते. चॅलेंजर या बिझनेस जेटसारख्या विमानांत मात्र शेपटीवरचा आडवा, छोट्या पंखासारखा स्टॅबिलायझर अख्खा हलतो. त्याची पुढची कड खाली गेली की नाक वर जाते. दुसऱ्या प्रकारात स्टॅबिलायझरचे क्षेत्रफळ एलिव्हेटरपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे तो फार चुकीच्या जागी राहिला, तर योक पूर्ण मागे ओढूनही एलिव्हेटरला त्याची भरपाई करता येत नाही. म्हणूनच अशा जेटमध्ये ट्रिमच्या दर्शकावर हिरवा पट्टा असतो आणि काटा त्या पट्ट्याबाहेर असताना थ्रॉटल (इंजिनांचा जोर वाढवणारा दांडा) पुढे केला की टेकऑफ कॉन्फिगरेशनचा इशारा मिळतो. हा इशारा ऐकून न ऐकल्यासारखा करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, कारण सिम्युलेटरमध्ये इशारे उगाच वाजतात अशी एक समजूत रुजली आहे. हा इशारा उगाच वाजत नाही, आणि तो वाजला तर थ्रॉटल मागे घेऊन तिथेच थांबावे.

हिरवा पट्टा हे मात्र अर्धेच उत्तर आहे. पट्ट्याच्या आत काटा असला की इशारा गप्प राहतो, पण पट्ट्याच्या या टोकाला असलेला ट्रिम आणि त्या टोकाला असलेला ट्रिम यांत रोटेशनच्या वेळी जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. पट्ट्यात नेमके कुठे थांबायचे, हे विमानाचा गुरुत्वमध्य आणि फ्लॅपची स्थिती यांवर ठरते. गुरुत्वमध्य पुढे असेल तर नाक वर नेणारा ट्रिम जास्त लागतो आणि मागे असेल तर कमी लागतो. बैलगाडी धुरजड झाली किंवा उलाळ झाली की गाडीवान ओझे सरकवून तोल साधतो, आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या वैमानिकाला ओझे सरकवता येत नाही म्हणून तो तोच तोल शेपटीवरच्या ट्रिमने साधतो. थोडे ओझे सरकल्याने किती फरक पडतो, याचा अंदाज येण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पुरेसा आहे. 7,000 किलो वजनाच्या विमानात 200 किलो सामान 3 मीटर पुढे हलवले, तर 200 गुणिले 3 भागिले 7,000 या हिशेबाने गुरुत्वमध्य सुमारे साडेआठ सेंटिमीटर पुढे जातो. पंखाची सरासरी रुंदी 2 मीटर धरली तर हे सरकणे त्या रुंदीच्या चार टक्क्यांहून अधिक भरते. सिम्युलेटरच्या वजनाच्या पानावर गुरुत्वमध्य याच टक्केवारीत, 'एमएसी' (पंखाची सरासरी रुंदी) या अक्षरांपुढे दाखवलेला असतो आणि कोणत्या गुरुत्वमध्याला किती ट्रिम हे सांगणाऱ्या विमानाच्या तक्त्यातही तोच आकडा शोधायचा असतो.

बिझनेस जेटच्या बाबतीत एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. इंजिने शेपटीकडे असल्यामुळे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य सर्वसाधारणपणे मागे असतो आणि केबिनचा बराचसा भाग पंखाच्या पुढे येत असल्याने प्रवासी भरले की तो पुढे सरकतो. म्हणजे एकट्याने मोकळे विमान उडवून पाहताना जो ट्रिम जमला, तोच सगळ्या खुर्च्या भरल्यावर अपुरा पडतो. शिवाय ही इंजिने बहुधा गुरुत्वमध्याच्या वरच्या पातळीवर असतात, त्यामुळे पूर्ण जोर लावला की नाक किंचित खाली दाबले जाते आणि कमी पडलेला ट्रिम आणखीच कमी पडतो. 2 फेब्रुवारी 2005 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या टेटरबोरो विमानतळावर एक चॅलेंजर 600 रोटेशनच्या वेगाला पोचूनही नाक उचलू शकले नाही, धावपट्टी ओलांडून पलीकडच्या महामार्गावरून गेले आणि एका इमारतीवर आदळले. तपासात गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेच्याही बराच पुढे असल्याचे निष्पन्न झाले. मर्यादेच्या बाहेर गेलेल्या वजनाला ट्रिमचा उपाय नाही. म्हणून वजनाच्या पानावर गुरुत्वमध्याची खूण मर्यादेच्या चौकटीबाहेर दिसत असेल, तर ट्रिमची चाके फिरवत बसण्याऐवजी आधी पुढच्या कप्प्यातले सामान मागच्या कप्प्यात टाकावे किंवा पुढच्या खुर्च्यांवरचे वजन कमी करावे.

सगळे बरोबर लावूनही ट्रिम जागेवर राहत नसेल, तर दोष विमानात शोधू नये, तो टेबलावर शोधावा. रामबागेतल्या आमच्या एका तरुण मित्राकडे हे मी जवळून पाहिले. त्याच्या थ्रॉटलच्या खोक्यावरचा एक दांडा सिम्युलेटरने स्वतःहून ट्रिमचा अक्ष (दांडा जिथे असेल तिथे ट्रिम नेणारी जोडणी) म्हणून जोडून टाकला होता आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता, कारण तो ट्रिम नेहमी कीबोर्डने लावत असे. कीबोर्डने लावलेला काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध स्थिर दिसायचा. मग तो थ्रॉटल पुढे ढकलायचा, खोके टेबलावर जरा हलायचे, त्या विसरलेल्या दांड्याच्या आतला धूळ खाल्लेला पोटेन्शिओमीटर (दांड्याची जागा मोजणारा भाग) एक बारीकसा झटका पाठवायचा आणि सिम्युलेटर कीबोर्डची स्थिती विसरून क्षणात दांड्याची स्थिती स्वीकारायचा. काटा पट्ट्यातून निसटून नाक-खालीच्या टोकाला जाताना आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिला. त्या वेळी त्याचे लक्ष साहजिकच बाहेर, धावपट्टीच्या मध्यरेषेवर असे, म्हणून आजवर हे निसटणे त्याला दिसलेच नव्हते. उपाय दोन मिनिटांचा होता : नियंत्रणांच्या पानावर 'ट्रिम' हा शब्द शोधला, प्रत्येक उपकरणाच्या यादीत तो कुठे कुठे जोडलेला आहे ते पाहिले आणि एक सोडून बाकीच्या सगळ्या जोडण्या काढून टाकल्या.

ज्यांना ट्रिमसाठी अक्षच हवा आहे त्यांनी तो जरूर ठेवावा, पण मग त्याच विमानासाठी कीबोर्ड आणि जॉयस्टिकच्या टोपीवरची (हॅट स्विच) ट्रिमची बटणे मोकळी करावीत. अक्षाची अडचण अशी की तो सिम्युलेटरला थेट एक जागा सांगतो, तर बटणे थोडे वर किंवा थोडे खाली एवढेच सांगतात. दोन्ही एकत्र ठेवले की शेवटी जो हलला त्याचे चालते. नवे उपकरण जोडल्यावर किंवा सिम्युलेटरचे मोठे अद्ययावतीकरण झाल्यावर जुन्या जोडण्या परत येऊ शकतात, त्यामुळे ही तपासणी अशा प्रत्येक बदलानंतर करावी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी साहाय्याच्या पर्यायांतील ऑटो-ट्रिम बंद आहे ना, तेही पाहून घ्यावे, कारण तो चालू असेल तर आपण लावलेला ट्रिम तो आपल्या हिशेबाने बदलत राहतो आणि दोष कुणाचा हेच समजत नाही.

ट्रिम हलतच नसेल तर प्रकरण वेगळे आहे. साध्या विमानांत कळ दाबली की आकडा बदलतो. पण ज्या विमानांची विद्युत यंत्रणा बारकाईने बनवलेली असते, त्यांत ट्रिमची मोटर चालायला वीज लागते. बॅटरीवर किंवा सहायक वीजपुरवठ्यावर संबंधित बस (वीज वाटून देणारी वाहिनी) जिवंत नसेल, सर्किट ब्रेकर बाहेर असेल, किंवा योकवरचे ट्रिम तोडण्याचे बटण चुकून एखाद्या जॉयस्टिकच्या बटणाला जोडलेले असेल, तर कळ कितीही दाबली तरी काटा ढिम्म राहतो. चॅलेंजर 650 मध्ये स्टॅबिलायझर ट्रिमच्या दोन वाहिन्या मधल्या पॅनलवरच्या बटणांनी स्वतः चालू कराव्या लागतात. विमान पूर्ण बंद स्थितीतून सुरू करणारे अनेकजण नेमकी हीच पायरी गाळतात. मोटरचा वेगही मर्यादित असतो, म्हणून कळ सोडून सोडून दाबण्यापेक्षा धरून ठेवावी आणि दर्शकाकडे पाहत सोडावी.

आता त्या कारणाकडे येतो, जे माझ्या मते या तक्रारीच्या परत परत येण्यामागे सर्वाधिक वेळा असते. इंदूरहून वडोदऱ्याची फेरी आमच्याकडे फार आवडीची आहे. जेटला अर्धा-पाऊण तास पुरतो, वाटेत माळव्याचे पठार उतरून गुजरातचे मैदान लागते आणि वडोदऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 129 फुटांवर आहे. इंदूरहून निघताना ट्रिम नीट लावलेला असतो. वडोदऱ्याला उतरताना फ्लॅप पूर्ण बाहेर येतात, वेग कमी होत जातो आणि ऑटोपायलट तो कमी वेग सांभाळण्यासाठी गुपचूप नाक-वर ट्रिम देत जातो. ऑटोपायलट काढून विमान उतरवले जाते, पार्किंगमध्ये आणले जाते, इंधन भरले जाते, परतीचा मार्ग भरला जातो. ट्रिम मात्र उतरण्याच्याच जागी राहतो. बहुतेकांच्या डोक्यात 'ट्रिम तर इंदूरला लावला होता' एवढेच असते. तो काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर असेल तर इशारा वाजून तरी सुटका होते, पण तो पट्ट्याच्या नाक-वरच्या कडेपाशी आतच असेल तर इशाराही वाजत नाही, आणि परतीच्या प्रवाशांशिवाय हलक्या झालेल्या, गुरुत्वमध्य मागे गेलेल्या विमानाचे नाक धावपट्टीवरच झपाट्याने उठते.

अनेक विमानांच्या उतरल्यानंतरच्या तपासणी यादीत ट्रिम टेकऑफच्या जागी आणण्याची ओळ असते, ती याचसाठी. धावपट्टी मोकळी केली, फ्लॅप आत घेतले, स्पीडब्रेक (वेग मारण्यासाठी पंखांवर उघडणारे पत्रे) बंद केले की त्याच हाताने ट्रिम पट्ट्याच्या मध्यावर आणावा. मग वजन भरून झाल्यावर, शेवटचा आकडा कळला की तो नेमक्या जागी सरकवावा. वजन भरण्याआधी लावलेला अचूक ट्रिम वजन भरल्यावर अचूक राहत नाही, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही.

ऑटोपायलट गुपचूप ट्रिम देतो, याची आणखी एक बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. चुकलेल्या ट्रिमसह कसेबसे वर गेल्यावर अनेकजण योक हातात जड लागतो म्हणून घाईने ऑटोपायलट लावतात. त्यामुळे त्रास संपल्यासारखा वाटतो, पण उड्डाणात नेमके किती चुकले होते हा पुरावा त्याबरोबर पुसला जातो. चाके आत घेतल्यानंतर, चढाईचा वेग स्थिर असताना, ऑटोपायलट न लावता क्षणभर हात सैल सोडावा. नाक खाली झुकू लागले तर ट्रिम कमी होता, वर जाऊ लागले तर जास्त होता; टेकऑफचा ट्रिम चढाईच्या वेगाला जवळपास तोल साधेल अशा बेताने ठरवलेला असतो, त्यामुळे बारीकशी दुरुस्ती लागणे हे चूक मानू नये. येथे घरच्या जॉयस्टिकची एक मर्यादाही सांभाळावी लागते. खऱ्या योकवर ट्रिम दिला की हाताला जाणवणारा भार हळूहळू ओसरतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकचा भार मात्र नेहमी तिच्या स्वतःच्या मध्याकडेच ओढत असतो आणि ट्रिमने तो बदलत नाही. म्हणून ट्रिम देताना जॉयस्टिक त्याच गतीने मध्याकडे सोडत यावे लागते. ती मागे धरूनच ट्रिम दिला, तर दोन्हींची बेरीज होऊन नाक भलतेच उठते आणि ट्रिम जास्त झाल्याचा खोटा समज होतो.

ट्रिम लावण्याच्या कळांबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये न्यूमपॅडच्या 7 ने नाक खाली आणि 1 ने नाक वर असा मूळ जोड असतो. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये त्याच जागांवरच्या होम आणि एंड या कळा हेच काम करतात. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये याशिवाय 'पिच ट्रिम टेकऑफ' अशी एक स्वतंत्र आज्ञा आहे, जी विमान बनवणाऱ्याने ठरवलेल्या टेकऑफच्या जागी ट्रिम नेते. ती सोयीची आहे आणि एखाद्या बटणाला जोडून ठेवावी असे मी सुचवीन, पण ती जागा ठरावीक असते. आज किती प्रवासी बसले आहेत, हे तिला ठाऊक नसते. तिला सुरुवात मानावी आणि पुढचे बोट-दोन बोटे तक्त्यावरून सरकवावे. दर्शक बारीक असेल आणि काटा नेमका वाचता येत नसेल, तर एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुटमधली 13 व्या क्रमांकाची ओळ पडद्यावर आणावी. ट्रिम, फ्लॅप आणि स्पीडब्रेक हे तिघे तिथे आकड्यांत दिसतात.

ट्रिम आणि वजन दोन्ही बरोबर असूनही नाक उठत नसेल, तर एलिव्हेटर खरोखर पूर्ण हलतो का, हे शेवटी पाहावे. पार्किंगमध्ये उभे असताना बाहेरून पाहण्याचा कॅमेरा शेपटीमागे न्यावा, योक पूर्ण मागे ओढावा आणि एलिव्हेटरची मागची कड पूर्ण वर जाते का ते बघावे. ती अर्ध्यावर थांबत असेल, तर जॉयस्टिकचे कॅलिब्रेशन बिघडले आहे किंवा संवेदनशीलतेच्या वक्राने (हाताची हालचाल किती पोचवायची हे ठरवणाऱ्या सेटिंगने) टोकाची हालचाल खाऊन टाकली आहे, आणि अशा वेळी ट्रिम वाढवून काम भागवले तर ते पुढे हवेत अंगाशी येते. याच कॅमेऱ्यातून ट्रिमची पट्टी किंवा स्टॅबिलायझरची पुढची कड दर्शकाच्या हालचालीबरोबर हलते का, तेही दिसते. दर्शक हलतो आणि शेपटी हलत नाही, अशी अवस्था दिसली तर विमानाच्या फाइलींमध्ये बिघाड आहे आणि विमान काढून पुन्हा बसवणे हा एकच सरळ मार्ग उरतो.

एवढे करूनही अडचण राहिली आणि कुणाची मदत मागायची असेल, तर 'ट्रिम चालत नाही' एवढ्यावर कुणालाही काही सांगता येत नाही. विमान आणि सिम्युलेटर कोणते, फ्लॅप किती, एकूण वजन आणि गुरुत्वमध्याची टक्केवारी किती, थ्रॉटल पुढे करण्याआधी ट्रिमचा आकडा किती होता आणि चाके सुटली त्या क्षणी किती होता, कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, आणि आधीचे उड्डाण त्याच विमानात उतरून तसेच पुढे चालू ठेवले होते की नव्याने सुरू केले होते, एवढे लिहून द्यावे. थ्रॉटलआधीचा आणि चाके सुटतानाचा ट्रिमचा आकडा वेगळा असेल, तर टेबलावरच्या उपकरणांपासून सुरुवात करावी. दोन्ही एकच असतील, तर वजनाच्या पानापासून.